लस टोचताना बाळ अंगावर कसं घ्यायचं: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसची तयारी

दीड महिन्याच्या डोसला बाळाला तोंडातून दोन लसी आणि वर तीन सुया असतात: डावी मांडी, उजवी मांडी, उजवा दंड. बहुतेक ठिकाणी बाळाला टेबलावर किंवा आजीच्या मांडीवर आडवं करतात, पाय घट्ट धरतात, भराभर टोचतात आणि ते लालबुंद होऊन किंचाळायला लागलं की आईला सांगतात, "घे गं आता, पाज त्याला." पाजणं बरोबर आहे, पण वेळ चुकली. बाळ सुईच्या आधीपासून अंगावर हवं, टोचताना अंगावर हवं आणि टोचून झाल्यावरही काही मिनिटं तिथेच हवं. रडं सुरू झाल्यावर पाजलं तर बाळ शांत होतं, पण मधली कळ त्याने सोसलेलीच असते.

ही काही हौशी कल्पना नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये लसीकरणातल्या वेदनांबद्दल जी भूमिका जाहीर केली, तिच्यात तान्ह्या बाळांसाठी टोचताना किंवा त्याच्या जरा आधी अंगावर पाजण्याची शिफारस आहे. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2016 च्या आढाव्यात महिन्याभरापेक्षा मोठ्या 1,066 बाळांवरचे 10 अभ्यास एकत्र तपासले. अंगावर असलेली बाळं पाणी दिलेल्या किंवा काहीच न दिलेल्या बाळांपेक्षा सरासरी 38 सेकंद कमी रडली. आकडा लहान वाटेल. पण सुईनंतरचं रडं बऱ्याचदा मिनिट-दोन मिनिटांचंच असतं, त्यातले 38 सेकंद वाचणं म्हणजे पुष्कळ झालं.

यात एकट्या दुधाची करामत नाही. चोखण्याची लय, आईच्या अंगाची ऊब, ओळखीचा वास आणि दुधाचा गोडवा हे सगळं एकाच वेळी चालू असतं. म्हणूनच काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजलं तर तेवढा गुण येत नाही. चोखणं थांबलं की अर्धी मदत थांबली, हे पुढची प्रत्येक पायरी करताना लक्षात ठेवा.

बरोबर काय न्यायचं

- माता बाल संरक्षण कार्ड. हरवलं असेल किंवा तुम्ही बाळंतपणाला माहेरी आला असाल, तरी डोस चुकवू नका. कार्ड नाही म्हणून लस नाकारायची नसते. आधीच्या नोंदीचा मोबाइलवर काढलेला फोटो असला तरी काम भागतं.
- यु-विनवर (लसीकरणाची सरकारी ऑनलाइन नोंद) दिलेला मोबाइल नंबर ज्या फोनवर आहे तो फोन. बऱ्याचदा नंबर बाबांचा असतो आणि बाबा कामावर असतात. आदल्या दिवशीच विचारून ठेवा.
- दोन मऊ दुपटी. एक बाळाखाली, एक घडी करून तुमच्या कोपराखाली.
- जादा लंगोट किंवा डायपर, पुसायला सुती फडकं, जादा झबलं.
- तुमच्यासाठी पाण्याची बाटली.
- सोबत एक माणूस. पिशवी सांभाळायला, कार्ड पुढे करायला आणि बाळाचा दुसरा हात धरायला.

1. कोणती सुई कुठे, ते आधी बघून ठेवा

सरकारी वेळापत्रकात प्रत्येक लसीची जागा ठरलेली आहे. ती माहीत असेल तर बाळाला कोणत्या बाजूला घ्यायचं हे घरीच ठरतं.

दीड महिना (6 आठवडे): तोंडातून पोलिओचे 2 थेंब आणि रोटाची (रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची) लस. पेंटाची (पाच रोगांवरची एकत्र लस) सुई डाव्या मांडीत, न्यूमोकॉकलची (पीसीव्ही, न्यूमोनियावरची) उजव्या मांडीत आणि पोलिओची छोटी सुई उजव्या दंडावर, कातडीत.

अडीच महिने (10 आठवडे): तोंडातून पोलिओ आणि रोटा. सुई एकच, पेंटाची, डाव्या मांडीत. तिन्हींत सोपा डोस हा. पहिल्या वेळी गडबड झाली असेल तर पद्धत नीट बसवून घ्यायची संधी इथे आहे.

साडेतीन महिने (14 आठवडे): पुन्हा दीड महिन्यासारखंच. दोन तोंडातून, तीन सुया, त्याच जागा.

खासगी दवाखान्यात लसींची नावं, संख्या आणि जागा वेगळ्या असू शकतात. तिथे आत जाण्याआधीच विचारा: "आज किती सुया आणि कोणत्या बाजूला?"

2. बाजूचं गणित

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा सावकाश वाचा. जमलं तर बाळाला मांडीवर घेऊनच वाचा.

नेहमीसारखं आडवं धरून, पोट तुमच्या पोटाला लावून बाळाला डाव्या छातीला घेतलं की ते उजव्या कुशीवर येतं. म्हणजे त्याची डावी मांडी आणि डावा दंड वर, मोकळा राहतो. उजव्या छातीला घेतलं की बरोबर उलट, उजवी मांडी आणि उजवा दंड वर. थोडक्यात, ज्या बाजूची सुई त्या बाजूची छाती.

दीड आणि साडेतीन महिन्यांना क्रम असा ठेवा. आधी डाव्या छातीला घ्या, पेंटा डाव्या मांडीत होऊ द्या. मग बाळाला उचलून खांद्याशी घ्या, थोपटा, उजव्या छातीला लावा. चोखायला लागलं की उजव्या दंडावरची छोटी सुई आणि शेवटी उजव्या मांडीतली पीसीव्ही. बाजू एकदाच बदलावी लागते. शिवाय जी लस जास्त झोंबते ती शेवटी घ्यावी असा संकेत आहे आणि पीसीव्ही झोंबणाऱ्यांतली मानली जाते, त्यामुळे तोही पाळला जातो.

बऱ्याच आयांना एका बाजूला दूध जास्त येतं आणि बाळालाही तीच बाजू आवडते. ती बाजू डावी असेल तर पहिल्या सुईतच बाळ खूश होऊन दुसऱ्या बाजूला तोंड लावत नाही. अशा वेळी आदल्या पाजण्याला डावीच बाजू द्या, म्हणजे केंद्रावर उजवी भरलेली राहील.

3. कपडे: बाळाचे आणि तुमचे

बाळाला झबलं आणि लंगोट, बस्स. पायांसकट अंगभर घट्ट बसणारा, खाली बटणांचा कपडा घालून आणू नका. मांडी उघडी करायला तो सगळा सोडावा लागतो, बाळ तिथेच चिडतं आणि चिडलेलं बाळ छातीला लागत नाही. दंडावर सुई आहे त्या दिवशी बाही सैल हवी. थंडीत वरून दुपटं गुंडाळा, स्वेटरच्या अरुंद बाह्या नकोत.

तुम्ही पुढून उघडणारं काहीतरी घाला: चेनचा गाऊन, पुढच्या हुकांचा ब्लाऊज, बटणांचा कुर्ता. दोन्ही बाजू एका हाताने उघडता आल्या पाहिजेत. आडोशाला ओढणी घ्या, पण ती बाळाच्या तोंडावरून पूर्ण ओढू नका. बाळ चोखतंय की नुसतं तोंडात धरून बसलंय हे तुम्हाला दिसायला हवं. सिस्टरना फक्त मांडी आणि दंड दिसला तरी पुरतो.

4. घरून निघताना पोट किती भरलेलं हवं

गच्च भरलेलं नको, उपाशीही नको. पोटभर पिऊन झोपलेलं बाळ केंद्रावर तोंड उघडत नाही. झोपेतच टोचलं की दचकून उठतं आणि मग आवरत नाही. भुकेने कासावीस झालेलं बाळही छातीला नीट लागत नाही, नुसतं डोकं आपटतं. एरवी दोन-अडीच तासांनी पिणारं बाळ असेल तर शेवटचं पाजणं आणि सुई यांच्यात दीड-दोन तास जातील असं बघा.

अंगणवाडीतल्या सत्राला रांग असते आणि आपला नंबर कधी लागेल सांगता येत नाही. मधे बाळाने मागितलं तर थोडं पाजा, पाच मिनिटांत काढून घ्या, खांद्यावर घेऊन फिरा. हे हिशेबात बसत नसेल तर भूक आधी, हिशेब नंतर.

5. सिस्टरना आधी सांगा, ऐनवेळी नाही

सत्रात एकाच सकाळी अनेक बाळं असतात. सिस्टरना प्रत्येकाच्या लसी काढायच्या, कार्ड भरायचं, यु-विनवर नोंद करायची. सुई भरून त्या तुमच्याकडे वळल्यावर तुम्ही "थांबा, मी पाजते" म्हणालात तर त्यांचा खोळंबा होतो आणि उत्तर बहुधा "नंतर पाजा हो" असंच येतं. कार्ड देतानाच बोला:

"सिस्टर, बाळाला अंगावर घेऊनच इंजेक्शन दिलं तर चालेल का? मी दोन-तीन मिनिटं आधी घेऊन बसते, मांडी मीच धरते. आधी डावीकडची द्या, मग बाजू बदलते."

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची. तुम्हाला जागा माहीत आहेत आणि पाय हलणार नाही याची जबाबदारी तुम्ही घेताय, हे कळलं की नकार सहसा येत नाही. आशाताई ओळखीच्या असतील तर त्यांना आदल्या दिवशी निरोप देतानाच सांगून ठेवा, त्या बसायची जागा करून देतात.

तरीही सिस्टर नाही म्हणाल्या तर हुज्जत घालू नका. लस महत्त्वाची. शेवटच्या क्षणापर्यंत पाजा, टोचताना बाळ तुमच्याच छातीशी धरा आणि लगेच पुन्हा लावा. पूर्ण फायदा नाही, पण टेबलावर आडवं पाडण्यापेक्षा कितीतरी बरं.

सिस्टरना बहुतेक वेळा दोन शंका असतात, त्यांची उत्तरं तयार ठेवा. पहिली, ठसका लागेल. ज्या अभ्यासांत हे मुद्दाम नोंदलं त्यांत असा प्रकार आढळला नाही. बाळ रडायला लागलं की स्वतःच छाती सोडतं आणि चोखणं थांबलं की दुधाचा ओघही मंदावतो. तुमचं दूध फार जोरात येत असेल तर जरा मागे रेलून बसा. दुसरी, बाळ छातीचा आणि दुखण्याचा संबंध जोडेल आणि प्यायचं सोडेल. याला आधार सापडलेला नाही. रडून झाल्यावर बाळ त्याच छातीवर शांत होताना तुम्हाला तिथेच दिसेल.

6. थेंब आधी, आणि "अर्धा तास पाजू नका" विसरा

तोंडातल्या लसी सुयांच्या आधी घ्या. रोटाची लस गोडसर असते, तिचाही थोडा उपयोग होतो. थेंब गालाच्या आतल्या बाजूला, सावकाश. बाळ आडवं पण डोकं किंचित वर. रडणाऱ्या बाळाच्या तोंडात ओतले तर निम्मे बाहेर येतात, सुयांनंतर थेंब नकोत त्याचं हेही एक कारण.

थेंब गिळले की लगेच छातीला घ्या. पोलिओच्या किंवा रोटाच्या थेंबांनंतर अर्धा तास दूध द्यायचं नाही, हे आपल्याकडे अजून सर्रास सांगतात. कधी शेजारीण, कधी दवाखान्यातलंच कुणी. आईच्या दुधाने लस निकामी होईल ही त्यामागची भीती. रोटारिक्स या रोटाच्या लसीवर दिल्लीतच हे तपासलं गेलं: लसीच्या आधी आणि नंतर अर्धा तास पाजणं थांबवलेल्या बाळांत लस काही जास्त लागू पडली नाही. पाजायला कसलीही बंदी नाही, ना आधी ना नंतर. हा एक गैरसमज पाळला की बाकीची सगळी तयारी वाया जाते, कारण सुया नेमक्या त्याच अर्ध्या तासात होतात.

7. बसणं, धरणं, टोचणं

पाठीला टेका असलेली खुर्ची मागा. सतरंजीवर भिंतीला टेकून मांडी घातली तरी चालतं, पण सिस्टरना वाकून टोचावं लागतं आणि हात स्थिर राहत नाही. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. टेकत नसतील तर खाली पाट किंवा पिशवी ठेवा.

डाव्या छातीला घेताना बाळाचं डोकं तुमच्या डाव्या कोपरावर, तुमचा डावा हात त्याच्या पाठीवरून कुल्ल्याखाली. त्याचा खालचा, म्हणजे उजवा हात तुमच्या काखेखालून पाठीकडे सरकवा, नाहीतर तो मधे येतो. तुमचा उजवा हात मोकळा राहतो. तो वरच्या पायाच्या गुडघ्यावर ठेवायचा आहे, पण लगेच नाही.

आधी पकड बघा. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, गाल फुगीर. नुसतं स्तनाग्र तोंडात असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

सुरुवातीला बाळ भराभर, उथळ चोखतं. पान्हा फुटला की लय बदलते: दोन-तीन लांब ओढी, एक घोट, छोटी विश्रांती, पुन्हा ओढी. घोट गिळल्याचा हलका आवाज येतो, मुठी सैल पडतात, कपाळावरची आठी जाते. याला साधारण दोन मिनिटं लागतात, कधी जास्त. ही लय लागली की सिस्टरना मानेने खूण करा. त्याआधी नाही. बाळ नुसतं तोंडात धरून डोळे मिटून पडलं असेल तर ते चोखणं नव्हे. छाती हलकीच दाबून दुधाची धार द्या किंवा तळपायाला बोट लावा, पुन्हा सुरू करेल.

आता उजवा हात बाळाच्या डाव्या गुडघ्याच्या जरा वर. पाय एकाएकी झटकला जाऊ नये एवढाच हा धरण्याचा उद्देश. मांडी आवळू नका. स्नायू ताठ असला तर सुई जास्त दुखते. सुईची जागा मांडीच्या मधल्या भागात, पुढच्या-बाहेरच्या अंगाला असते, तिथून बोटं लांब ठेवा.

टोचतानाचं काम सिस्टरचं आहे. सुई आत गेल्यावर मागे ओढून रक्त येतं का बघायची गरज या लसींना नाही. त्याने वेळ लांबतो आणि दुखणं वाढतं. हे शिकवायला जाऊ नका, आता बऱ्याच जणी तसं करतच नाहीत.

दंडावरच्या सुईबद्दल वेगळं सांगायला हवं. ती कातडीत द्यायची असते, कातडी ताणून, सुई जवळजवळ आडवी धरून, आणि 0.1 मिली लस गेल्यावर तिथे बारीक फोड उठावी लागते. चोखणाऱ्या बाळाचा दंड लयीत हलत असतो, त्यामुळे सिस्टर इथे कुरकुर करू शकतात आणि ती रास्त आहे. सोबतच्या माणसाने कोपर आणि मनगट हलकेच धरावं, तुम्ही खांद्यापाशी आधार द्या. तरी जमत नसेल तर ही सुई बाळाला छातीपासून काढून, पण तुमच्याच कुशीत द्या आणि लगेच परत लावा. लस नीट जाणं आधी.

8. टोचल्या क्षणी आणि पुढची पाच मिनिटं

बहुतेक बाळं टोचल्यावर दचकतात, छाती सोडतात, श्वास कोंडून धरतात आणि मग ओरडतात. म्हणजे पद्धत फसली असं नाही. काही बाळं मात्र नुसती भुवई उचलून चोखत राहतात.

सुटलेल्या बाळाचं डोकं मागून दाबून छातीवर ढकलू नका, ते आणखी मागे जातं. दुधाचा एक थेंब पिळून ओठावर लावा, गाल छातीला टेकवून ठेवा, तोंड उघडेल तेव्हा घ्या. आवाज खालचा ठेवा. "झालं, झालं, बिचारं माझं" असा सूर सगळ्यांनी मिळून लावला की बाळाला तुमची धास्ती कळते. नेहमी पाजताना गुणगुणता तेच गुणगुणा.

सुईच्या जागी कोरडा कापूस काही सेकंद हलका दाबून ठेवा. चोळू नका. "लस पसरू दे" म्हणून मांडी रगडायची पद्धत जुनी आहे आणि चुकीची आहे.

मग खांद्यावर घ्या, थोपटा, दुसरी बाजू. शेवटच्या सुईनंतर बाळ स्वतः सोडेपर्यंत पाजा. रांग आहे म्हणून उठावं लागलं तर खुर्ची सोडा, पाजणं सोडू नका. सतरंजीवर जाऊन बसा. तसंही लसीनंतर अर्धा तास तिथेच थांबायचं असतं.

9. घरी

पेंटानंतर एक-दोन दिवस ताप, मांडीला सूज, किरकिर हे अपेक्षित आहे. अंगावर वारंवार घ्या. सुजेवर गार पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं ठेवता येतं. हळद, चुना, बाम, बर्फाचा खडा, गरम शेक काही नको. जन्मानंतर दिलेल्या बीसीजीच्या (क्षयरोगावरची लस) जागी पुढच्या आठवड्यांत गाठ येते, पिकते, खपली धरते आणि व्रण राहतो. तिथेही काही लावायचं नाही.

पॅरासिटामॉल ताप आल्यावर, केंद्रावर सांगितलेल्या मात्रेत. दुखू नये म्हणून सुईच्या आधीच देऊन ठेवू नका. या औषधात एक सापळा आहे. थेंबांच्या बाटलीत बहुधा 1 मिलीमध्ये 100 मिग्रॅ औषध असतं, तर साध्या सिरपमध्ये 5 मिलीमध्ये 125 मिग्रॅ, म्हणजे 1 मिलीत 25. सिरपचा हिशेब थेंबांना लावला तर मात्रा चौपट होते. मात्रा वजनावर ठरते, एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिग्रॅ. साडेचार किलोच्या बाळाला 45 ते 67 मिग्रॅ: थेंबांचं अर्धा मिलीच्या आसपास, सिरपचं सुमारे 2 मिली. घरात कोणती बाटली आहे ते सिस्टरना दाखवून मात्रा त्यांच्याकडूनच कार्डावर लिहून घ्या. दोन मात्रांत किमान 4 ते 6 तास.

तीन तासांहून जास्त न थांबता रडणं, झटके, बाळ लुळं किंवा निपचित पडणं, श्वासाला त्रास, छातीला अजिबात न लागणं, खूप चढलेला ताप: यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आरोग्य केंद्र गाठा किंवा 108 ला फोन करा.

अंगावर पाजत नसाल तर

बाळ वरच्या दुधावर असेल तरी कुशीत घेणं, उघड्या छातीशी धरणं, डोलवणं हे सगळं करता येतं आणि ते बाबांनाही जमतं. शर्टाची बटणं सोडून बाळाला छातीशी उभं धरा, दोन्ही पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना, मांड्या मोकळ्या. बाटली मात्र टोचण्याच्या क्षणी तोंडात नको. बाटलीतून दूध गळत राहतं आणि किंचाळणाऱ्या बाळाला ठसका लागू शकतो. काही दवाखान्यांत साखरेचं ठरावीक तीव्रतेचं द्रावण देतात, ते डॉक्टरांनी दिलं तर ठीक. घरी साखर विरघळवून नेऊ नका. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला बोटावर चाटवायचाही नाही, त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. गुटीही नको.

खासगीत "पेनलेस" म्हणून मिळणारी महागडी लस घ्यावी का, हा प्रश्न हमखास येतो. त्या लसीनंतर ताप आणि सूज कमी असते हे खरं. सुई टोचतेच. त्या क्षणाच्या दुखण्यासाठी तीही बाळ अंगावर असतानाच घ्यायची.

जन्माचे आणि नऊ महिन्यांचे डोस

जन्मल्यावर बीसीजी डाव्या दंडावर आणि कावीळ-बीची सुई डाव्या मांडीत असते, म्हणजे दोन्हींना डावी छाती. अडचण एवढीच की रुग्णालयात बाळाला लसीसाठी दुसऱ्या खोलीत नेतात. "इथेच, माझ्याजवळ द्याल का?" असं राउंडच्या वेळी विचारून ठेवा. बाळाला अजून नीट लागता येत नसेल तर उघड्या छातीशी धरून ठेवणंही उपयोगी आहे.

नऊ महिन्यांना गोवर-रुबेला उजव्या दंडावर, पीसीव्ही उजव्या मांडीत, पोलिओची सुई डाव्या दंडावर. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लसही असते. या वयाचं बाळ आवाज झाला की छाती सोडून वळून बघतं, त्यामुळे गर्दीकडे पाठ करून बसा. आडवं न घेता समोरासमोर, पाय तुमच्या कमरेभोवती, असं बसवून पाजलं तर दोन्ही बाजू मोकळ्या राहतात आणि छाती बदलायचं गणित उरत नाही. दात आले असतील तर दचकून चावण्याची शक्यता आहे, करंगळी ओठांच्या कोपऱ्याशी तयार ठेवा. ते नको वाटलं तर सुईपर्यंत पाजा, टोचताना खुळखुळा दाखवा, लगेच परत घ्या.

निघताना पुढची तारीख कार्डावर लिहिली आहे ना ते बघा. दीड, अडीच, साडेतीन या डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं. उशीर झाला तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेल्या डोसपासून पुढे चालू होतं.